गाठ पडते तेव्हा: समलिंगी नायकांची समुद्रकथा तांकापासून कशी उभी करावी

समुद्रावरची साहसकथा लिहायला बसलेला माणूस सगळ्यात आधी वादळ लिहितो. मीही तेच केलं होतं. चाळीस पानं लाटा उसळत होत्या, शिडं फाटत होती, आणि एकमेकांवर जीव जडलेले माझे दोन खलाशी त्या गदारोळातही सवड काढून एकमेकांना मनातलं सविस्तर सांगत होते. वाचायला दिलेल्या मित्रानं एवढंच विचारलं, "या दोघांना कुणी कामाला लावत नाही का?"

ती पानं गेली. दुसऱ्या खेपेला मी उलट्या बाजूनं शिरलो. आधी पाच-पाच ओळींच्या कविता, म्हणजे तांका. मग त्यांतून प्रसंग, आणि प्रसंगांतून कथा. तांका हा जपानी प्रकार शेकडो वर्षं न बोलता सांगण्याचा रियाज करत आला आहे. शिडाच्या जहाजावर प्रेमात पडलेल्या दोन पुरुषांनाही तेच करावं लागत होतं, आणि चुकलं तर गळ्याला फास होता. म्हणून ही वाट मला सोयीची वाटते, आणि ती पायरी-पायरीनं मांडतो आहे.

पहिली पायरी: तांका म्हणजे लांबवलेला हायकू, हे डोक्यातून काढा

मराठी वाचकाला हायकू परिचयाचा आहे. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. त्यामुळे तांका म्हटलं की हायकूला खाली दोन ओळींचं शेपूट, असा समज होतो. वंशावळ उलटी आहे. 5-7-5-7-7 अशा 31 ध्वनिमात्रांची ही रचना आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या संग्रहात हजारोंनी सापडते. हायकू त्यानंतर कित्येक शतकांनी आला. 'तांका' हे नाव आजच्या अर्थानं रूढ झालं ते मासाओका शिकी यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी 'वाका' म्हणत.

हायकू पाहतो आणि थांबतो. तांका पाहते आणि मग वळते. वरच्या तीन ओळींत बाहेरचं काही असतं: दोर, वारा, भिजलेला सदरा. खालच्या दोन ओळींत ते आत शिरतं. हे वळण नसेल तर पाच ओळी असूनही तांका झाली नाही. जपानीत ती बहुधा एकाच ओळीत छापतात, त्यामुळे पाच ओळींचा हट्ट धरण्यापेक्षा वळणाचा धरा.

आणि भाषा रोजची ठेवा. 1987 मध्ये तावारा माची या तरुण शिक्षिकेचा बोलीच्या जपानीतला संग्रह लाखोंनी खपला, तेव्हापासून तांका जुन्या काव्यभाषेतच हवी हा आग्रह ढिला पडला. आपल्याकडेही 'सागर', 'नौका', 'नयन' असे शब्द आले की समजा, कविता वहीतच राहिली, जहाजावर चढलीच नाही.

दुसरी पायरी: मोजायचं काय, ते एकदा ठरवा

इथं बरेच जण अडकतात, म्हणून जरा थांबतो.

जपानी मोजणीत दीर्घ स्वराला दोन, ऱ्हस्वाला एक, आणि सुट्या 'न्'लाही एक. आपल्या लघु-गुरूच्या मात्रागणिताशी याचं नातं फार जवळचं आहे. पण ओवी-अभंगाची सवय असल्यामुळे मराठी हात आपोआप अक्षरं मोजायला लागतो. दोन्ही करून पाहू.

अक्षरं मोजून:

शीड शिवतो
वादळानंतर तो
उरला दोरा
माझ्या सदऱ्यासाठी
दातांनी तोडलेला

बरोबर 31 अक्षरं. मात्रा मोजल्या तर मात्र 51 भरतात. जपानी तांकेपेक्षा ही चांगलीच ऐसपैस झाली.

आता मात्रा मोजून:

पहाटे
आठ घंटा
उबदार
चाक हाती
तू सोडले

बरोबर 31 मात्रा, पण अक्षरं फक्त 19. श्वास अगदी आखूड. पहाऱ्यावरून उतरणाऱ्यानं सुकाणूचं चाक नुकतंच सोडलंय, मुठी अजून गरम आहेत, एवढंच त्यात मावतं.

माझा कौल असा: पहिल्या वीस-पंचवीस तांका मात्रा मोजूनच लिहा. नको ते शब्द त्या शिस्तीत गळतात. हात बसला की आकडे सोडा आणि आखूड-लांब-आखूड-लांब-लांब हा झुलवा तेवढा धरा. एकंदर 18 ते 25 अक्षरांत राहिलात तर तांकेचा जीव टिकतो. 31 अक्षरं भरण्याच्या नादात 'हा', 'तो', 'अशी', 'जणू' यांची भरताड होते. वरच्या पहिल्या तांकेतला दुसऱ्या ओळीतला 'तो' तसाच आहे, आणि तो मला अजून खटकतो.

तिसरी पायरी: बिजागरीचा शब्द शोधा

जुन्या जपानी कवितेत एक युक्ती आहे. एकच शब्द किंवा ध्वनी आधीच्या वाक्याचं शेवटचं टोक असतो आणि पुढच्याचं पहिलं, दोन्हीकडे वेगळ्या अर्थानं. 905 च्या सुमाराच्या 'कोकिनशू' या संग्रहात, प्रेमकवितांच्या भागात, कवीचं नाव नसलेली एक कविता आहे. तिच्यात डोंगरावरचं एक रानफूल येतं, 'इवात्सुत्सुजी', खडकावरची अझेलिया. 'इवा' म्हणजे खडक. पण त्याच ध्वनीनं पुढची ओळ उघडते: 'इवानेबा', म्हणजे 'बोलत नाही म्हणून'. फुलाचं नाव घेता घेता कवी कबूल करून जातो की बोललो नाही, तरी ओढ आहेच.

पुढे 1676 मध्ये कितामुरा किगिन यांनी पुरुषांच्या पुरुषांवरच्या प्रेमाच्या कविता आणि कथा एकत्र केल्या, आणि त्या संकलनाला नाव दिलं याच फुलाचं. न बोललेलं प्रेम सांगायला त्यांना यापेक्षा नेमका शब्द कुठून मिळणार होता?

आपल्याला 'इवा' नको, आपलेच शब्द हवेत, आणि जहाजाच्या कामात ते खच्चून भरले आहेत. 'ओढ' घ्या: दोराची, प्रवाहाची, माणसाची. 'भरती' घ्या: समुद्राची आणि नौदलातली. जबरदस्तीनं पकडून जहाजावर घातलेल्या नायकासाठी हा एकच शब्द दोन प्रसंगांचं काम करतो. 'नाळ' म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, आणि आईशी जोडलेली नाळही. घर सोडून आलेल्या पोराच्या पहिल्या रात्रीसाठी ठेवून द्या. 'सुटणे' तर अफाटच आहे: वारा सुटतो, दोर सुटतो, धीर सुटतो, हात सुटतो. 'बोट' मोहात पाडेल, पण सांभाळा. ती बोट आणि ते बोट यांचं लिंग वेगळं, 'बोटीला' आणि 'बोटाला' वेगळं. प्रत्यय लागला की श्लेष फुटतो.

सगळ्यांत माझा लाडका शब्द 'गाठ'.

दोन दोरांची
अंधारात पडली
गाठ
तुझी माझी, सकाळी
सारंग ओढून पाहतो

वरून वाचलं तर दोरांची गाठ. खालून वाचलं तर दोघांची. आणि सकाळी सारंग, म्हणजे खलाश्यांवरचा मुकादम, ती ओढून पाहतो तेव्हा पाहतोय नक्की काय, हे वाचकाला कळतं आणि त्याच्या पोटात गोळा येतो. त्या एका शब्दातून माझ्या कथेचा अख्खा मधला भाग निघाला.

करायचं ते असं: एका कागदावर जहाजावरची चाळीस क्रियापदं लिहा. बांधणे, सोडणे, उतरवणे, ताणणे, गुंडाळणे, उपसणे. प्रत्येकासमोर माणसाच्या मनाला लागू पडणारा दुसरा अर्थ आहे का ते पाहा. सात-आठ तरी निघतील. बाकीची खोडा.

चौथी पायरी: मराठीचं व्याकरण तुमच्या बाजूनं वळवा

हा भाग कुठल्याही परभाषेतल्या मार्गदर्शकात मिळणार नाही, कारण अडचणही आपली आणि सोयही आपली.

की नो त्सुरायुकी या कवीनं तोसा प्रांताच्या राज्यपालपदावरून परतताना क्योतोपर्यंतचा 55 दिवसांचा प्रवास रोजनिशीच्या रूपात लिहिला, इ.स. 935 च्या आसपास. बरीचशी वाट समुद्रानं होती. वारा-लाटा थांबेनात म्हणून खोळंबा, चाच्यांची धास्ती, आणि मधे मधे पेरलेल्या कविता. गंमत म्हणजे हे सगळं त्यानं एका स्त्रीच्या तोंडून लिहिलं. समुद्र, रोजनिशी, तांका आणि लिंगाचा मुखवटा, चारही गोष्टी हजार वर्षांपूर्वीच एकत्र आल्या होत्या.

जपानी वाक्यात कर्ता गाळता येतो आणि क्रियापद लिंग सांगत नाही. मराठीत 'मी गेलो' म्हटलं की बोलणारा पुरुष, 'गेले' म्हटलं की बाई. चोरी तिथंच पकडली जाते. पण नीट पाहा. 'मी दोर ओढला' यात बोलणारा कोण ते कळत नाही. 'तू चाक सोडलंस', 'मी वाट पाहिली', 'तू येशील', 'ये', 'आम्ही उतरलो', यांतलं एकही वाक्य लिंग सांगत नाही. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ, भविष्यकाळ, आज्ञार्थ आणि 'आम्ही' या मराठीतल्या लपायच्या जागा आहेत.

आता याचं कथेत काय करायचं? तुमचा नायक चोरून कविता लिहितो असं धरा. वही कुणाच्या हाती लागली तर काय, ही भीती त्याला रोजच आहे. मग त्याच्या सुरुवातीच्या सगळ्या तांका अशाच क्रियापदांत लिहा. वाचणाऱ्याला वाटावं, हा घरी राहिलेल्या कुणा बाईला लिहितोय. आणि मग एका रात्री, काहीतरी घडून गेल्यावर, पहिल्यांदा 'तू आलास' येऊ द्या. 'आलीस' नव्हे, 'आलास': एका 'ला'नं वहीतला सगळा पुरावा उभा राहतो. त्या एका अक्षरासाठी तुम्ही शंभर पानं थांबला असलात तर वाचक श्वास रोखतो. घाईनं तिसऱ्याच पानावर खर्च केलंत तर हातात काही उरत नाही.

दुसरी अडचण गद्यातली. दोघेही 'तो'. 'त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला', कुणी कुणाच्या? नावं पुन्हा पुन्हा लिहिली की पत्रक वाचल्यासारखं होतं. आपल्या गोष्टी सांगण्याच्या पद्धतीत याचं उत्तर आहे: 'हा' आणि 'तो'. ज्याच्या नजरेतून प्रसंग चाललाय तो 'हा', समोरचा 'तो'. 'यानं चाक धरलं. त्यानं दिवा मंद केला.' संपूर्ण कादंबरीत नाही, पण जवळिकीच्या प्रसंगांत हे चोख बसतं.

तिसरं, 'तुम्ही' आणि 'तू'. एक अधिकारी आणि एक साधा खलाशी अशी जोडी असेल तर खलाश्याच्या तोंडी कायम 'साहेब', 'तुम्ही'. त्यानं चारचौघांत 'तू' म्हटलं तर तो उद्धटपणा, फटके ठरलेले. अंधारात म्हटलं तर ते चुंबनापेक्षा मोठं. मी माझ्या कथेत अधिकाऱ्याला खलाश्याशी 'तुम्ही' बोलायला लावलं, एकदाच, भर डेकवर, चुकून. बाकीच्यांच्या माना वळल्या. त्या प्रसंगाला दुसऱ्या कुठल्याही स्पष्टीकरणाची गरज पडली नाही.

पाचवी पायरी: साल आणि झेंडा ठरवा

धोका किती आणि कुणाकडून, हे यावरून ठरतं. ब्रिटिश नौदल निवडलंत तर 1749 च्या युद्धनियमांतलं 29 वं कलम पुरुषांमधल्या संभोगाला मृत्युदंड सांगतं. ते कागदावरच नव्हतं. 1816 मध्ये 'आफ्रिकेन' या युद्धनौकेवरच्या चौघांना फाशी दिली गेली. इंग्लंडच्या कायद्यातून ही फाशी 1861 मध्ये गेली, शिक्षा उरलीच. पण मृत्युदंडासाठी पुरावा कडक लागे, म्हणून पुष्कळदा आरोप सौम्य ठेवत, असभ्य वर्तनाचा, आणि फटके मारून मोकळे होत. कथाकारासाठी हे महत्त्वाचं आहे: साक्षीदार किती आणि त्यांनी नेमकं काय पाहिलं, यावर जीव टांगलेला.

त्याच काळात समोरच्या फ्रान्सच्या 1791 च्या दंडसंहितेत या गुन्ह्याचा उल्लेखच नव्हता. म्हणून फ्रेंच जहाजावर सगळं आलबेल होतं असं समजू नका. पण शत्रूच्या हाती कैद होणं तुमच्या नायकाला क्षणभर सुटकेसारखं वाटू शकतं, आणि तो विचार मनात आल्याची त्याला लाज वाटू शकते. एवढ्यावर एक प्रकरण चालतं.

सतराव्या शतकातल्या कॅरिबियन समुद्रातले बुकनियर, म्हणजे समुद्री लुटारू, निवडलेत तर 'मातलोताज' ही प्रथा वाचा. दोन पुरुष कमाई एकत्र करत, एक मेला की मालमत्ता दुसऱ्याकडे जाई. तो व्यवहार होता, मैत्री होती की संसार, यावर इतिहासकार भांडतात. तुम्ही भांडू नका, ती संदिग्धता तशीच वापरा. आणि विसावं शतक हवं असेल तर लक्षात ठेवा, ब्रिटनच्या ज्या 1967 च्या कायद्यानं प्रौढ पुरुषांमधले खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले, त्यानं सैन्यदलं आणि व्यापारी जहाजं मात्र बाहेर ठेवली होती. जमिनीवर माफ आणि बोटीवर गुन्हा, अशी ती गंमत.

कल्पित समुद्र निवडण्यालाही माझी हरकत नाही. मात्र तिथंही कुणीतरी पाहत असलं पाहिजे. कसलीच आडकाठी नसेल तर तांकेला न बोलायचं कारण उरत नाही.

सहावी पायरी: प्रेम कामाच्या आत ठेवा

मित्राचा तो प्रश्न इथं येतो. जहाजावर मोकळा वेळ नसतो आणि आडोसा तर नसतोच. ब्रिटिश युद्धनौकेवर एका खलाश्याच्या टांगत्या झोळीला नियमानं 14 इंच रुंदी मिळे. निम्मे लोक पहाऱ्यावर गेल्यामुळे शेजारची झोळी रिकामी, म्हणून अंग पसरता येई. आता विचार करा: दोघं एकाच पहाऱ्यात असतील तर खांद्याला खांदा लागून झोपणार, पण शेकडो माणसांच्या मधोमध. वेगवेगळ्या पहाऱ्यांत असतील तर एक जागा होताना दुसरा झोपायला जाणार. कुठलं बरं? मी दुसरं निवडलं, कारण मग भेट फक्त पहारा बदलताना होते, मिनिटभराची, आणि त्या मिनिटाला वजन येतं.

पहाऱ्यांचं गणित असं. चार-चार तासांचे पाच, आणि संध्याकाळी 4 ते 8 मध्ये दोन-दोन तासांचे दोन, एकूण सात. विषम संख्या असल्यामुळे पाळी रोज बदलते. दर अर्ध्या तासाला घंटेचा एक टोला वाढतो, आठ टोले म्हणजे चार तास संपले. संध्याकाळचे ते दोन छोटे पहारे म्हणजे गाण्या-गप्पांची वेळ, सगळे वर असतात. तुमच्या जोडीला उघडपणे एकत्र बसायला मिळणारी दिवसातली जागा हीच.

आणि त्या वेळचं एक काम मला फार आवडतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस खलाशी लांब वेणी ठेवत, आणि स्वतःची वेणी स्वतःला नीट घालता येत नाही. म्हणून प्रत्येकाचा एक जोडीदार असे, तो याची घाली, हा त्याची. सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी, एक पुरुष दुसऱ्याच्या केसांतून बोटं फिरवतोय आणि कुणाला काही वाटत नाही! चांदण्यातल्या दहा भेटींपेक्षा हे एक काम जास्त सांगतं.

तसंच वेग मोजणं. दोराला ठरावीक अंतरावर गाठी, टोकाला लाकडाची फळी. फळी पाण्यात टाकायची, एकानं 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ धरायचं, दुसऱ्यानं दोर सोडत राहायचं. वाळू संपली की दोर रोखायचा आणि किती गाठी गेल्या ते मोजायचं.

माझ्या हातात वाळू
त्याच्या हातून सुटत जाणारा दोर
अठ्ठावीस सेकंद
वेग मोजायचा आहे
फक्त जहाजाचा

साहसाचा भाग लिहितानाही हेच सूत्र. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी साधारण 67 अंशांच्या आत जाऊ शकत नाही. म्हणजे वारा जिकडून येतोय तिकडचं बंदर दिसत असूनही नागमोडी वाटेनं दिवस घालवावा लागतो. वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल तर खडक हाच शत्रू, तोफा नंतर. असे पेच प्रत्यक्ष कामातून सुटले पाहिजेत, आणि सुटताना दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवावा लागला पाहिजे. डोलकाठीवर चढलेल्याचा दोर खाली कुणाच्या हातात आहे? बस, प्रसंग तयार.

शब्दांबद्दल: डोलकाठी, शीड, सुकाणू, नांगर, तांडेल, सारंग, खलाशी हे आपल्याकडे आहेत, ते वापरा. डेक, फ्रिगेट, कॅप्टन, लॉगबुक हे वाचकाला कळतात, तेही वापरा. ज्या शंभर दोरांना मराठीत नाव नाही, त्यांना 'पुढच्या शिडाचा खालचा दोर' म्हणा आणि पुढे चला. समुद्रकथेत परिभाषा कोंबणारा लेखक बहुधा स्वतःच गोंधळलेला असतो.

सातवी पायरी: लॉगबुक आणि वही समोरासमोर ठेवा

कथेचा सांगाडा उभारायला मला ही रीत उपयोगी पडली. पानाच्या डाव्या बाजूला जहाजाच्या लॉगबुकाची नोंद: तास, वेग, दिशा, वारा, शेरा. उजव्या बाजूला त्याच दिवसाची तांका. लॉगबुक लिहिणारा भावना लिहीत नाही, आणि तांका लिहिणारा घटना लिहीत नाही. वाचक दोन्ही जोडतो. 'वारा नैर्ऋत्य, जोराचा. एक खलाशी पडला, वाचला नाही.' त्याच्या समोर त्या रात्रीच्या पाच ओळी, ज्यांत फक्त रिकामी झोळी आहे.

इथं एक बारीक खोच सांगतो. 1805 पर्यंत ब्रिटिश नौदलाच्या लॉगबुकातला दिवस दुपारी बारा वाजता सुरू होई, तोही आदल्या दुपारी. म्हणजे आपल्या 12 तारखेच्या रात्रीची घटना लॉगबुकात 13 तारखेखाली सापडते. खटला चालू आहे, साक्षीदार म्हणतो 12 ची रात्र, वहीतल्या कवितेवर तारीख आहे 12, आणि लॉगबुक म्हणतं 12 च्या रात्री आरोपी जहाजावर नव्हताच, होडी घेऊन किनाऱ्यावर गेला होता. कुणाचा 12 खरा? हा पेच मी वापरला आहे, तुम्हीही खुशाल वापरा, समुद्र मोठा आहे.

तांका कुठं ठेवायच्या? प्रसंग संपल्यावर सारांशासारखी ठेवलेली तांका मेलेली असते. गद्यानं जे सांगितलं तेच ती पुन्हा सांगते. ती प्रसंगाच्या आधी ठेवा, म्हणजे वाचक कोड्यासारखी वाचतो आणि पुढच्या पानावर उलगडते. किंवा प्रसंगाच्या जागीच ठेवा: दोघं एकत्र आले ती रात्र गद्यात लिहूच नका, तिथं फक्त तांका आणि मग थेट सकाळ. शृंगार लिहायला माझी ना नाही, पण मराठीत त्या प्रसंगांचे शब्द एकतर वैद्यकीय होतात नाहीतर शिवराळ, आणि पाच ओळी त्या दोन्हींतून सोडवतात.

आठवी पायरी: कुणाला मारायचं, कुणाला नाही

जुन्या कथांमध्ये अशा जोडीतला एक हटकून मरायचा, बहुधा दुसऱ्याला वाचवताना, म्हणजे वाचकाला हळहळता यायचं आणि पुढचा प्रश्न टळायचा. साहसकथेत माणसं मरतात, ते ठीक. पण स्वतःला विचारा: हा मरतोय तो गोळा लागून, की लेखकाला पुढचं आयुष्य कल्पिता येत नाही म्हणून? दुसरं असेल तर त्याला जगवा आणि ते आयुष्य कल्पायचे कष्ट घ्या. बंदरातली खोली, भाडं कुणाच्या नावावर, शेजाऱ्यांना काय सांगितलं, एक जण पुन्हा सफरीवर गेला की दुसरा काय करतो.

उलट टोकही टाळा. 1800 सालचा खलाशी आजच्या शब्दांत स्वतःची ओळख सांगत नाही. त्याच्याकडे 'गे' हा शब्द नाही, 'समलिंगी' नाही. त्याच्याकडे आहे ते 'माझा जोडीदार', आणि देवाची किंवा कायद्याची भीती. त्याच्या मित्रांपैकी कुणी समजूतदार असू शकतो, पण त्याचं समजणं मौनाच्या रूपात येऊ द्या: सारंग गाठ ओढून पाहतो, पक्की आहे म्हणतो, आणि निघून जातो.

शेवटचं काम कात्रीचं. सगळ्या तांका काढून नुसतं गद्य वाचा. कथा समजत नसेल तर गद्य दुरुस्त करा, कवितांवर भार टाकू नका. मग एकेक तांका परत ठेवा. जी परत ठेवल्यावर शेजारचा परिच्छेद फालतू वाटू लागतो, ती राहू द्या आणि तो परिच्छेद काढा. जिच्यामुळे काहीच हललं नाही, तिला वहीत परत पाठवा. माझ्या साठेक तांकांतल्या नऊ राहिल्या. 'गाठ' त्यांतली सहावी, खटल्याच्या आदल्या रात्रीची. सदऱ्याच्या तांकेतला तो जादा 'तो' मी शेवटी काढला; ओळ सहा अक्षरांची झाली, आणि शिवणारा कोण हे आता फक्त 'शिवतो' सांगतं.